हिशेबाची वही मुलांच्या हाती

बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात दर वर्षी विवेकानंद जयंतीच्या महोत्सवाचा समारोप महाप्रसादानं होतो आणि लाखाच्या घरात माणसं एका मैदानात पंगतीला बसतात. बेत साधा असतो, पुरी आणि वांग्याची भाजी. वांगी क्विंटलांनी चिरली जातात, पुऱ्यांचे ढीग लागतात, आणि वाढायला माणसं पुरत नाहीत म्हणून रांगांमधून ट्रॅक्टर फिरतात. ट्रॉलीतून टोपली उतरवून घेत धावणारे स्वयंसेवक हजारोंनी असतात. त्यांत शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींचा भरणा मोठा. शुकदास महाराजांनी १९६५ साली उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाचा हा सोहळा बाहेरगावची माणसं पाहायला येतात ती त्याच्या आकड्यासाठी. मला त्यातली एक छोटी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या दिवशी सतरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला पंगतीचा एक तुकडा येतो. त्या तुकड्यात भाजी वेळेवर पोचली नाही, तर माणसं पुरी हातात धरून त्याच्या वाटेकडे बघत बसतात. म्हातारी बाई बसलेली असते, कडेवरचं लेकरू रडत असतं. तिथं कारण सांगून भागत नाही, भाजी आणावी लागते.

विद्यार्थ्यांच्या जडणघडणीवर बोलताना आपण सेवाभाव, सामाजिक बांधिलकी, नेतृत्वगुण असे शब्द सर्रास वापरतो. भावना हवीच, तिच्याशी माझं भांडण नाही. पण पोरगं खरं बदलतं ते, आपल्यावर कुणीतरी विसंबून आहे आणि आपण ढिलाई केली तर त्याचं अडणार आहे, हे पहिल्यांदा ध्यानात येतं तेव्हा. परीक्षेत नापास झालं तर नुकसान त्याचं एकट्याचं असतं, फार तर घरच्यांचं. पंगतीत नुकसान अनोळखी माणसाचं होतं. सोळा ते बावीस या वयात हा फरक फार खोलवर जातो. म्हणून माझं मागणं सरळ आहे. स्वयंसेवेतून विद्यार्थी घडावा असं वाटत असेल, तर त्याच्या हाती असं काम द्या जे बिघडू शकतं, आणि ते कसं करायचं हे ठरवण्याचा अधिकारही त्यालाच द्या. यातली पहिली गोष्ट आपण थोडीबहुत देतो. दुसरी जवळजवळ देतच नाही.

पहिली गोष्ट या भागाला शिकवावी लागत नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. आषाढी आटोपून शेगावची पालखी परतीला लागते तेव्हा लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव ही तिची वाट. पालखी यायच्या आदल्या दिवसापासून वाटेवरच्या गावांची धांदल सुरू होते. पाण्याच्या टाक्या, मांडव, चहा, वारकऱ्यांच्या पायांना लावायला तेल, रात्री झोपायला सतरंज्या. हे सगळं कुणी परिपत्रक काढून होत नाही. गल्लीतली पोरं कामं वाटून घेतात, थोरली पोरं धाकट्यांना दटावतात, आणि कुणाला कुठलं काम झेपतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात विनामोबदला सेवा करणाऱ्या सेवेकऱ्यांच्या शिस्तीचं कौतुक देशभर होतं. ती शिस्त आकाशातून पडलेली नाही, ती याच जिल्ह्याच्या गावागावांतून तिथं जाते. बुलडाणा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला स्वयंसेवा म्हणजे काय हे कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा कळतं असं समजणं हाच मुळात गैरसमज आहे. तो ती घेऊनच येतो. प्रश्न असा, की कॉलेज त्यात काय भर घालतं.

कॉलेजनं घालायची भर म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, मुलांच्या बोलण्यातलं एनएसएस. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ती ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव तेव्हा केंद्रीय शिक्षणमंत्री होते. पण त्यामागे जवळजवळ वीस वर्षांचा एक वाद आहे आणि तो आजही मिटलेला नाही. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानं विद्यार्थ्यांची समाजसेवा ऐच्छिक असावी असं सुचवलं होतं. १९५९ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिनं उलटी दिशा धरली. माध्यमिक शिक्षण संपल्यावर आणि विद्यापीठात पाऊल टाकण्याआधी, प्रत्येकानं नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. रायगड जिल्ह्यात जन्मलेला, रिझर्व्ह बँक आणि अर्थखातं सांभाळलेला, आकड्यांत मुरलेला माणूस हे म्हणत होता, म्हणजे त्याला खर्चाचा अंदाज नव्हता असं कुणी म्हणणार नाही. तरी शिफारस खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणींपायी बाजूला पडली. पुढे के. जी. सय्यदैन यांनी अनेक देशांतल्या युवकसेवेची पाहणी करून ऐच्छिकतेचा कौल दिला, कोठारी आयोगानं शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याला समाजसेवेची जोड मागितली, आणि अखेर जे घडलं ते ऐच्छिक एनएसएस. दोन वर्षांत २४० तास, एखादं दत्तक गाव, आणि त्या गावात सात दिवसांचं निवासी शिबिर.

सक्ती की स्वेच्छा, हा वाद जगानंही आपापल्या परीनं चालवला. जर्मनीत लष्करी सेवा नाकारणाऱ्या तरुणांना इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत नागरी सेवा करावी लागे. २०११ मध्ये ती सक्ती संपली आणि जागी ऐच्छिक सेवा आली. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शालान्त पदवी हवी तर मुलाला ७५ तासांची सेवा पूर्ण करावी लागते. आपल्याकडे एनएसएसमध्ये दोन वर्षं काढलेल्यांना विद्यापीठं प्रोत्साहनपर गुण देत आली, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस, एनसीसी, खेळ, कला यांना पदवीच्या चौकटीतच श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे देशमुखांची सक्ती दारातून आली नाही, ती गुणपत्रिकेच्या खिडकीतून अर्धी आत आली.

सेवेला गुण देणं हा सेवेचा अपमान आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. डोणगाव किंवा जानेफळहून एसटीनं मेहकरला येणारा विद्यार्थी घ्या. सोयाबीन काढणीला आलं की तो चार दिवस वर्गात दिसत नाही, कारण मजुरी परवडत नाही. अशा मुलानं वर्षाला १२० तास पदरात काहीच न पडणाऱ्या कामाला द्यावेत ही अपेक्षा, ज्यांच्या घरी शेत नाही आणि चूलही दुसरं कुणी पेटवतं अशा माणसांनीच करावी. श्रेयांक असेल तर त्या मुलाला बापापुढे सांगायला काहीतरी असतं. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. गुण कशाला मिळतात? हजेरीला, छायाचित्राला, अहवालाला. तास मोजले जातात. त्या तासांत काय बिघडलं, ते कुणी निस्तरलं, पुढच्या वेळी काय बदललं, याची नोंद कुठंच होत नाही. आणि जे मोजलं जातं तेच हळूहळू उरतं. मग वर्षभराचं काम म्हणजे दिनविशेषांची माळ होते. पावसाळ्यात वृक्षारोपण, २ ऑक्टोबरला स्वच्छता, १ डिसेंबरला एड्सविरोधी फेरी, २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ. फलक धरायचा, घोषणा द्यायची, फोटो पाठवायचा. यातलं एकही काम बिघडू शकत नाही. फेरी नापास होत नाही. म्हणून फेरीतून कुणी घडतही नाही.

झाडाचंच पाहा. जुलैत पन्नास रोपं लावणं सोपं आहे, पाऊस सोबतीला असतो. बुलडाण्याचा उन्हाळा पाहिलेल्या कुणालाही विचारा, एप्रिलमध्ये त्या रोपांना पाणी कोण घालतं? तेव्हा परीक्षा असतात, मग सुट्ट्या लागतात, विहिरी तळ गाठतात. एखाद्या मुलीला कॉलेजच्या आवारातली पाच कडुनिंबाची झाडं तीन वर्षांसाठी नावानं सोपवली, तर तिला काय काय करावं लागेल? सुट्टीत पाणी कोण घालणार याची माणसं ठरवायची, शिपाईमामांशी जुळवून घ्यायचं, शेळ्यांपासून कुंपण करायचं, कुंपणाला तार कुठून आणायची त्याचा विचार करायचा, आणि एक झाड वाळलं तर ते का वाळलं हे सगळ्यांसमोर सांगायचं. नेतृत्व म्हणून ज्याचे वर्ग भरवले जातात ते सगळं या पाच झाडांत आहे. पण पाच झाडांचा अहवाल लहान दिसतो आणि पन्नासचा मोठा, म्हणून पन्नास लावली जातात.

शिबिरातल्या श्रमदानाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. २०१८ साली या जिल्ह्यात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. भारतीय जैन संघटनेनं सुजलाम सुफलाम बुलडाणा ही मोहीम हाती घेतली आणि शंभराहून जास्त यंत्रं धरणा-तलावांतला गाळ उपसायला लावली. त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावंच्या गावं कुदळ-फावडी घेऊन माळावर उतरली होती, आणि मोताळा तालुक्यातलं सिंदखेड राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत आलं. यंत्र एका दुपारी जेवढी माती उचलतं तेवढी पन्नास विद्यार्थी सात दिवसांत उचलू शकत नाहीत. हे खरं आहे, आणि विद्यार्थ्यांनाही ते दिसतं. मग त्यांच्या मनात प्रश्न येतोच, आम्ही हे कशासाठी करतोय? त्यावर घाम गाळण्याचं महत्त्व सांगून मोकळं होणं मला पटत नाही. सिंदखेडसारख्या गावांचं यश नुसत्या कुदळीतलं नव्हतं. त्या गावांतली माणसं आधी प्रशिक्षणाला गेली, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते शिकून आली, सलग समतल चर कुठं घ्यायचा ते उतार मोजून ठरवू लागली, आणि मग भाऊबंदकीत अडकलेल्या शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन त्याला राजी करून आली. शेवटचं काम सगळ्यांत कठीण. जे यंत्र करू शकत नाही ते तेवढंच आहे, आणि विद्यार्थ्यांना द्यायचं शिक्षण तिथं आहे. आपण मात्र शिबिरात मुलांच्या हाती फावडं देतो. खड्डा कुठं आणि कशासाठी, हे सर आणि सरपंच आधीच ठरवून मोकळे झालेले असतात.

इथं मी सुरुवातीला सांगितलेली पंगतही तपासून पाहायला हवी, कारण केवळ तिचं कौतुक करून थांबलो तर माझा मुद्दा अर्धवट राहील. पंगतीत वाढणाऱ्या मुलाला जबाबदारी असते, निर्णय नसतो. कुठली रांग त्याची, कधी वाढायचं, किती वाढायचं, हे वरून येतं. एवढ्या मोठ्या समुदायात तसंच असायला हवं, तिथं प्रत्येकानं आपलं डोकं चालवलं तर लोक उपाशी राहतील. त्या एका दिवसापुरतं आज्ञापालन हाच गुण आहे. पण वर्षाचे सगळे दिवस तसेच गेले तर मुलांचे हात तयार होतात, विचार करायची सवय होत नाही. मेहकरची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत त्याला गाडगेबाबांचं नाव आहे. बाबांचा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण का करता, मुलं शाळेत का नाहीत, शिवाशीव का पाळता. लोकांकडून उत्तर आल्याशिवाय ते पुढं सरकत नसत. आपल्या शिबिरांनी बाबांचा खराटा घेतला, आणि रात्रीचे प्रश्न सोडून दिले. रात्री बौद्धिक होतं, त्यात पाहुणे बोलतात आणि मुलं ऐकतात.

निर्णयाचा अधिकार मुलांना न देण्याची ही सवय शिबिरापुरती नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी परिषदेत गुणवत्तेनुसार नेमणुका आणल्या. त्यामागं हिंसाचाराचं खरं कारण होतं, ते मी नाकारत नाही. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका परत आणायचं ठरवलं. २०१९ मध्ये त्या होणार म्हणता म्हणता विधानसभेच्या निवडणुकीमुळं पुढं ढकलल्या गेल्या, त्यावर करोना आला. म्हणजे आज वर्गात बसलेल्या मुलांच्या बहुतेक शिक्षकांनीही कॉलेजात कधी मत मागितलेलं नाही की हरलेलं नाही. एनएसएसचा विद्यार्थी प्रमुख नेमला जातो, स्नेहसंमेलनाचा सचिव नेमला जातो. नेमणूक सरांच्या मर्जीतली असते म्हणून नेमलेला मुलगा सरांकडे बघतो, सोबत्यांकडे बघत नाही. दुसरीकडं गावातल्या चौकात विशीतल्या पोरांचे फ्लेक्स लागतात, वाढदिवसाचे, भावी अमुक आणि युवा हृदयसम्राट तमुक. त्या पोरांना मी हसत नाही. त्यांच्यात उमेद आहे, ओळखी जोडायचं कसब आहे, रात्री-बेरात्री कुणासाठी दवाखान्यात धावायची तयारी आहे. कॉलेजनं त्यांच्या उमेदीला कामाची जागा दिली नाही, ती त्यांना एखाद्या पुढाऱ्याच्या मागं मिळाली. त्यांना मागं खेचून आणायचं असेल तर व्याख्यानं कामाची नाहीत, कॉलेजात निर्णय घ्यायला काहीतरी असावं लागेल.

जेव्हा अशी जागा मिळते तेव्हा काय होतं, याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. ४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहिलं. साने गुरुजींनी आयुष्याची शेवटची वर्षं त्याच्यासाठी वेचली. त्या दलाचं एक कलापथक होतं. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि संध्याकाळी कलापथकात जात. राम नगरकर तिथलेच, दादा कोंडकेही तिथलेच. यांच्यापैकी कुणी नट व्हायचं म्हणून तिथं गेलं नव्हतं. हुंड्याविरुद्ध, जातीविरुद्ध गावागावांत बोलायचं होतं, आणि नुसतं बोललं तर लोक ऐकत नाहीत म्हणून वगनाट्य करायचं होतं. गाडी कशी करायची, मंच कसा बांधायचा, समोरची माणसं उठून जायला लागली तर संवाद कसा वळवायचा, हे सगळं त्यांचं त्यांना ठरवावं लागे. पुढे मराठी रंगभूमीला आणि सिनेमाला जी माणसं मिळाली, ती अशी दुसऱ्याच कामात गुंतलेली असताना तयार झाली. व्यक्तिमत्त्व विकास हे उद्दिष्ट कागदावर लिहून कुणी कलापथक काढलं असतं, तर मला वाटत नाही त्यातून एकही निळू फुले निघाला असता.

आता एक अशी बाजू, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अभ्यासाबाहेरचं नेतृत्व कुणाच्या वाट्याला येतं? जो शहरात राहतो त्याच्या. तालीम साडेपाचला संपते, बैठक सहाला असते, आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी त्याच्या आत सुटते. मुलगा मित्राच्या दुचाकीवर मागं बसून जाईल, मुलीला तीही सोय नाही. निवासी शिबिर म्हटलं की घरून परवानगी मिळवायची, ती मिळवताना भाऊ, काका, शेजारी सगळे बोलणार. म्हणून सचिवपदाच्या यादीत मेहकर शहरातली नावं येत राहतात आणि बसपास काढून येणारी हुशार मुलगी टाळ्या वाजवणाऱ्यांत राहते. यावर उपाय अवघड नाही. बैठका दुपारच्या सुट्टीत घ्या. शिबिराआधी मुलीच्या घरी एखाद्या बाईंनी आणि आधीच्या वर्षी शिबिर केलेल्या मुलीच्या आईनं जाऊन यावं. घरचे ऐकतात ते शेजारगावच्या मुलीच्या आईचं, परिपत्रकाचं नाही.

शिवाय ही बसपासवाली मुलगी घरी काय करते हे कॉलेजला ठाऊकच नसतं. बापाचं पीएम किसानचं ई-केवायसी तिनं केलेलं असतं. बँकेतला फॉर्म तीच भरते, पीक विम्याची मुदत तिच्या लक्षात असते. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिला पाठ असतात. गल्लीतल्या चार घरांची कागदपत्रं तिच्या मोबाइलमध्ये असतात. हे नेतृत्व आहे, आणि ते कुणी नेमलेलं नाही, लोकांनी विश्वासानं दिलेलं आहे. मग तिला मेहकरात आणून व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळेत आत्मविश्वासाचे पाच मुद्दे लिहून घ्यायला का लावायचे? तिच्याकडे आहे त्याच्यापासून का सुरुवात करायची नाही? १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी नोंदवायची पद्धत आली. ती सातबाऱ्यावर चढली नाही तर विम्याला, अनुदानाला, खरेदी केंद्रावर अडचण येते. कितीतरी म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या घरात ते करणारं कुणी नाही, पोरं पुण्याला कंपनीत. एनएसएसच्या एका तुकडीनं दत्तक गावातल्या पन्नास शेतकऱ्यांची ही नोंद मुदतीच्या आत करून देण्याची जबाबदारी घेतली, तर ते काम बिघडू शकतं, अगदी खरोखर. नेटवर्क नसेल, गट नंबर चुकेल, शेताचं ठिकाण जुळणार नाही, दोन भाऊ कुणाच्या नावावर म्हणून भांडतील. अशा कामात त्या बसपासवाल्या मुलीला तुकडीचं प्रमुख करा. शहरातली मुलं तिच्याकडून शिकतील. आणि गावाला त्या कामाचा उपयोग होईल, ही गोष्टही काही लहान नाही.

कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकांची बाजू मी समजू शकतो. मुलगी शिबिरात आजारी पडली तर जाब त्यांना, हिशेबात दहा रुपयांचा फरक आला तर लेखापरीक्षकांपुढे ते उभे. तास घ्यायचे, नॅकचे कागद भरायचे, परीक्षा घ्यायच्या, आणि वर हे. भीतीपोटी ते सगळं स्वतःच्या हातात ठेवतात. पण शिबिराचा पैसा किती असतो? सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी एका स्वयंसेवकामागे बरीच वर्षं ४५० रुपये मिळत होते, नंतर ते ७०० झाले. म्हणजे जुन्या दरानं दिवसाला ६४ रुपयांत चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि बाकी सगळं. गावकऱ्यांनी ज्वारी, तूरडाळ, भाजी दिली म्हणून शिबिरं झाली. एवढ्याशा पैशांत पन्नास माणसं सात दिवस जेवू घालण्याचं काम हा अर्थशास्त्राचा, भूगोलाचा आणि माणसं ओळखण्याचा एकत्रित तास आहे. आणि तो तास आपण मुलांकडून काढून घेतो, कारण पावत्या नीट लागल्या पाहिजेत. सही सरांची असू द्या, कायद्यानं ती त्यांचीच असायला हवी. पण वही मुलांकडे द्या. बाजारात मुलं जाऊ देत. तिसऱ्या दिवशी तेल संपलं तर ते का संपलं याची बैठक मुलांनी मुलांची घेऊ द्या. पाचव्या दिवशी खिचडीवर भागवावं लागलं तर भागवू देत. असं शिबिर अहवालात बिनचूक दिसणार नाही, आणि म्हणूनच त्या अहवालाचा नमुनाही बदलायला हवा. काय ठरवलं होतं, कुठं फसलं, कुणी सावरलं, एवढ्या तीन गोष्टी मुलांनी स्वतःच्या हातानं लिहाव्यात आणि श्रेयांक त्यावर मिळावेत.

निवड ज्यांनी केली त्यांनाच जाब मागता यावा, म्हणून तुकडीचा प्रमुख मुलांनी मतदानानं निवडावा. परिषदेच्या निवडणुका शासन घेवो न घेवो, पन्नास स्वयंसेवकांच्या तुकडीत चिठ्ठ्या टाकून प्रमुख निवडायला कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. वाईट निवड झाली तर पुढच्या सहा महिन्यांनी बदलू द्या. हरलेला मुलगा रुसून बसला तर त्याची समजूत काढायचं कामही निवडून आलेल्याकडेच असू द्या. गावोगावच्या ग्रामपंचायती आणि सोसायट्या ज्या मुलांना पुढे चालवायच्या आहेत, त्यांनी हरणं आणि हरलेल्याबरोबर काम करणं विशीच्या आत शिकलेलं बरं.

आणि एक गोष्ट कुठल्याही योजनेत मला सापडत नाही, ती म्हणजे दत्तक गावाचं मत. शिबिरं साधारण हिवाळ्यात होतात. निरोपाच्या दिवशी सरपंच कौतुकाचं बोलतात, पाहुण्यांसमोर दुसरं काय बोलणार? खरं बोलायला त्यांना वेळ द्यायला हवा. १ मे च्या ग्रामसभेला त्या तुकडीतले पाच जण परत जाऊ देत, कॉलेजचा फलक न घेता. बंधाऱ्यात अजून पाणी आहे का, झाडांपैकी किती जगली, कुणाची नोंद राहून गेली, शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं काही उपयोगी पडलं का, हे लोकांनी त्यांना समोर विचारावं. उत्तरं देताना मुलं अडखळतील. एखादा म्हातारा म्हणेल, बाप्पू, तुम्ही खणलेल्या खड्ड्यात माझी गाय पडली. त्यावर काय करायचं हे त्या पाच जणांनी तिथंच, सगळ्यांसमोर ठरवावं, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला ते झालं की नाही हे सांगायला पुन्हा यावं.